गेलिक मंडळाची संध्याकाळ: आधी बोलणं, मग गाणं, नाच सगळ्यात शेवटी

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेच्या लंडनमधल्या आमच्या छोट्या गटात चहा आणि खुर्च्यांची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मला गेलिकची जेमतेम चाळीस वाक्यं येत होती. आता सहा वर्षं होतील. या काळात ओळखीच्या मराठी मंडळींनी तोच प्रश्न बऱ्याचदा विचारला. कुणाची सून स्काय बेटावरची, कुणी डुओलिंगो या ॲपवर गेलिक शिकणारं, कुणी मराठी मंडळाचा कार्यकर्ता. "गेलिकची एक संध्याकाळ ठेवायची आहे, सुरुवात कशी करू?" उत्तर ऐकून घेण्याआधीच बहुतेकांनी हॉल आणि बँड ठरवलेला असतो.

चुकतं ते इथेच. नाच ठेवला की शे-सव्वाशे माणसं येतात, घाम निघेपर्यंत नाचतात, खुशीत घरी जातात. त्या अख्ख्या संध्याकाळी गेलिकचं एक वाक्य कुणाच्या कानावर पडत नाही. पुढच्या महिन्यात गप्पांना बोलावलं की चौघं येतात, आणि त्यातले दोघं आयोजकच असतात.

ज्याला सगळे नाचाचा कार्यक्रम समजतात त्या 'केली' या शब्दाचा मूळ अर्थ आहे भेट. संध्याकाळी शेजारी जाऊन बसणं. म्हणजे आपल्याकडची ओटीवरची बैठक. तिथे गप्पा, गोष्टी, गाणी, आणि जागा असली तर नाच. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. घाई न करता केलं तर पहिल्या टप्प्यापासून केलीपर्यंत चार-पाच महिने लागतात.

१. कोणती गेलिक, ते आधी ठरवा

स्कॉटलंडची, आयर्लंडची आणि आइल ऑफ मॅनची अशा तीन भगिनी भाषा आहेत. मराठी, कोकणी, गुजराती यांचा एकच 'पश्चिम भारतीय' वर्ग काढला तर काय होईल? तेच इथे होतं. शब्द ओळखीचे वाटतात, पण गप्पा पुढे सरकत नाहीत.

स्कॉटलंडचे लोक स्वतःच्या भाषेला गेलिकमध्ये 'गालिक' म्हणतात आणि इंग्रजीत बोलताना 'गॅलिक'. आयरिश माणूस इंग्रजीत आपल्या भाषेला साधारणपणे 'आयरिश'च म्हणतो. पोस्टरवर नुसतं 'गेलिक' लिहिलंत तर दोन्हीकडचे लोक येतील आणि निम्मे परत जातील.

तपासा: पोस्टर छापण्यापूर्वी स्वरांवरच्या तिरक्या रेघा बघा. स्कॉटिश गेलिकमध्ये आज ही रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरते, तर आयरिशमध्ये वर चढते. १९८१च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या स्कॉटिश पुस्तकांत दोन्ही रेघा सापडतात, म्हणून जुन्या पुस्तकातून मजकूर उचलू नका. 'केली' हा शब्दसुद्धा दोन्हीकडे वेगळा लिहितात. आमच्या पहिल्या पोस्टरवर रेघ उलटी होती. एका आजोबांनी खिशातून पेन काढून, एक शब्दही न बोलता ती दुरुस्त केली.

यापुढचं सगळं स्कॉटिश गेलिकबद्दल आहे.

२. हॉलच्या आधी माणसं

स्कॉटलंडच्या २०२२च्या जनगणनेत गेलिक बोलता येतं असं सांगणारे ६९,७०१ लोक होते. स्कॉटलंडबाहेरच्या एखाद्या शहरात अस्खलित बोलणारा माणूस मिळणं किती अवघड, याचा अंदाज यावरून येईल. म्हणून पहिल्यांदा तीन माणसं शोधा: घरी गेलिक बोलत वाढलेलं एक, चांगलं शिकलेलं एक, आणि तिसरं, ज्याला भाषा कमी आली तरी चालेल पण जे दर वेळी वेळेवर येईल. हे तिसरं माणूस सगळ्यात दुर्मिळ.

एका टेबलावर एक बोलणारा आणि चार शिकणारे, यापेक्षा जास्त ताण देऊ नका. आठ शिकणारे बसले की तो शिक्षक होतो आणि गप्पा संपतात.

सावध: जन्मापासून गेलिक बोलणारी माणसं म्हणजे शब्दकोश नव्हेत. लुइस बेटावरच्या बाई पिण्याच्या पाण्याला 'बूर्न' म्हणतील, दुसऱ्या बेटावरचे काका 'उश्क' म्हणतील. "पण ॲपमध्ये तर असं आहे!" हे वाक्य आमच्या गटात दंडनीय आहे. दंड म्हणजे पुढच्या वेळची बिस्किटं.

३. वार, महिना, जागा

वार निवडताना रविवार टाळा. लुइस आणि हॅरिस बेटांवरची बरीच कुटुंबं प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेतली आहेत. तिथे रविवार पाळतात, म्हणजे काम नाही, करमणूक नाही. शहरात येऊन तीस वर्षं झालेला माणूसही रविवारच्या केलीला येईलच असं नाही, आणि न येण्याचं कारण तो सांगणारही नाही. तुम्ही मात्र "लोकांना रसच नाही" असा निष्कर्ष काढाल. बॅरा आणि साउथ युइस्ट ही बेटं कॅथलिक आहेत, तिथल्या मंडळींना रविवारचं वावडं नसतं. पण एका मंडळात सगळेच येणार, म्हणून मधला वार घ्या. आम्ही महिन्याचा दुसरा मंगळवार धरला आहे.

महिन्याचंही भान ठेवा. रॉयल नॅशनल मॉड हा गेलिक गाण्या-बोलण्याचा मोठा स्पर्धा-मेळावा दर वर्षी ऑक्टोबरात स्कॉटलंडमध्ये भरतो. त्यासाठी सप्टेंबरात समूहगायनाच्या तालमी चालू असतात. त्या दोन महिन्यांत नवा उपक्रम सुरू केलात तर नेमकी गाणारी माणसं तुम्हाला मिळणार नाहीत.

गप्पांसाठी पबची मागची खोली चालते, पण संध्याकाळी सात वाजता तिथे स्वतः जाऊन बसून बघा. दुपारी शांत वाटलेल्या खोलीत रात्री स्पीकर लागतो. साठीच्या पुढच्या माणसाला गोंगाटात परकी नव्हे, स्वतःची भाषासुद्धा नीट ऐकू येत नाही. चर्चचा छोटा हॉल, लायब्ररीची खोली किंवा कुणाचं स्वयंपाकघर हे पबपेक्षा बरं. आम्ही पहिले तीन महिने एका घरी भेटलो. पोहे मी केले होते.

४. संभाषणाची पहिली बैठक

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच उरकतात. दीड तास पुरतो.

पहिली दहा मिनिटं दारात. दारात उभं राहणाऱ्याने गेलिकमध्येच स्वागत करायचं: 'फाल्च', म्हणजे या, स्वागत आहे. मग 'किमर अ हा शिव?', म्हणजे कसे आहात? हा 'शिव' म्हणजे आपलं 'तुम्ही'. एकट्या ओळखीच्या माणसाशी, मुलाशी, मित्राशी 'ऊ', आणि वडीलधाऱ्यांशी किंवा अनोळखी माणसाशी 'शिव'. इंग्रजीतून गेलिक शिकणाऱ्यांना हा फरक वर्षभर जमत नाही. आपल्याला तो पाठ करावा लागत नाही, फक्त लक्षात ठेवावा लागतो. तरीही मराठी शिकाऊ सगळ्यांना 'ऊ' म्हणतात, कारण ॲपमध्ये आधी तेच भेटतं. ऐंशी वर्षांच्या आजींना तुम्ही पहिल्या भेटीत मराठीत 'काय गं, कशी आहेस?' म्हणाल का?

आभारातही तोच फरक आहे. मित्राला 'ताप लेत', मोठ्यांना 'ताप लैव'.

मग प्रत्येक टेबलावर एक कार्ड ठेवा. कार्डावर अडचणीत उपयोगी पडणारी वाक्यं असावीत, व्याकरण नको. आमच्या कार्डावर ही आहेत:

- 'खा न्येल मी अ तुगशिन' — मला समजत नाही. यातला 'मी' म्हणजे खरोखरच मी. गेलिकमध्येही तो असाच उच्चारतात, आणि हे कळल्यावर मराठी माणसाची अर्धी भीती जाते.
- 'कान शिन अ रीइश्ट' — ते पुन्हा सांग.
- 'गव मो लेश्कल' — माफ कर.
- 'अम बु तोल लैव कूप टी?' — चहा घेणार का?

देवनागरीतले हे उच्चार कामचलाऊ आहेत. नीट उच्चार टेबलावरच्या बोलणाऱ्याकडून घ्या.

एक चूक सगळ्यांची होते. गेलिकमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्द नाहीत. प्रश्नातलं क्रियापद उचलून उत्तर द्यायचं. 'आहे का?' असं विचारलं तर 'हा' म्हणजे आहे, किंवा 'खा न्येल' म्हणजे नाही. आपणही "येतोस का?" ला "येतो" म्हणतोच. तेवढं आठवलं तरी पुरे. त्यात गंमत अशी, की गेलिकचा 'हा' ऐकून मराठी कानाला तो आपला 'हां' वाटतो आणि माणूस प्रत्येक प्रश्नाला 'हा' म्हणत सुटतो. "गाडी आणलीत का?" ला 'हा' हे उत्तर चुकीचं आहे. तिथे आणण्याचं क्रियापद हवं.

नावांच्या चिठ्ठ्या करताना सांभाळा. हाक मारताना नाव बदलतं. 'मारी' नावाच्या बाईंना हाक मारायची तर 'अ वारी', आणि 'शेमस' या पुरुषाला 'अ हेमिश'. इंग्रजीतलं 'हेमिश' हे नाव या हाकेतूनच तयार झालं. चिठ्ठीवर मूळ नाव लिहा, हाकेचं रूप तोंडी शिकवा. आणि कुणाचंही नाव आपण होऊन गेलिकमध्ये भाषांतरित करू नका. विचारा, मग लिहा.

विषय एकच ठेवा आणि तो हाताला लागणारा असू द्या: आज काय जेवलात, येताना कुठली गाडी पकडली, खिडकीबाहेर पाऊस आहे का. 'भाषेचं भवितव्य' हा विषय मी दोनदा ठेवून पाहिला. दोन्ही वेळा पाच मिनिटांत सगळे इंग्रजीत वाद घालत होते.

सावध: "आता पाच मिनिटं इंग्रजीत सूचना देते" हे वाक्य बैठक मोडतं. पुढची तारीख, वर्गणी, खुर्च्या कुणी उचलायच्या, कप कुठे ठेवायचे, हेच खरं बोलण्याचं साहित्य आहे. माणसाला पुढच्या महिन्याची तारीख गेलिकमध्ये ऐकून डायरीत लिहावी लागली, म्हणजे त्या भाषेने त्याचं काहीतरी काम केलं. भाषा गाण्यापुरती आणि हिशेब इंग्रजीत, असं एकदा बसलं की ते पुन्हा उठत नाही. आपल्या परदेशातल्या काही मंडळांत कार्यकारिणीच्या सभेत काय होतं, ते आठवा.

तपासा: बैठक संपल्यावर स्वतःला विचारा, सगळ्यात नवख्या माणसाने किती वाक्यं बोलली? तीन झाली असतील तर ठीक. शून्य असेल तर पुढच्या वेळी त्याला चहा वाटायला लावा. कितीही बुजरा माणूस असला तरी बारा जणांना चहा विचारताना तेच वाक्य बारा वेळा म्हणतो.

अशा किमान तीन बैठका झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. गाणी: कागद नंतर, कान आधी

गाण्याचे शब्द छापून वाटले की सगळे मान खाली घालून वाचतात. गेलिक वाचताना नवखा माणूस हमखास चुकतो, कारण लिहिलेल्या अक्षरांतली बरीच मूक असतात. म्हणून पहिल्यांदा फक्त धृपद, तेही ऐकून. तीन वेळा म्हटलं की मग कागद.

सुरुवातीला सगळ्यात सोपी पडतात ती लोकर कुटण्याची गाणी. बेटांवर विणलेलं ताजं लोकरी कापड ओलं करून टेबलावर आपटत घट्ट करायचे, आणि ते काम बायका गात गात करायच्या. एक बाई कडवं म्हणते, बाकीच्या धृपद. धृपदात बऱ्याचदा 'हो रो, ही री' असे अर्थ नसलेले नाद असतात, त्यामुळे आज आलेला माणूसही आजच गाऊ शकतो. मात्र ते नाद ठरलेले असतात. मनाला येईल ते 'हे ला ला' घालायचं नाही.

कृती अशी:

1. साधारण तीन-चार मीटर जाड लोकरी कापड घ्या. जुनं ब्लँकेट चालतं. दोन्ही टोकं शिवून त्याचं वेटोळं करा.
2. लांब टेबलावर प्लॅस्टिक अंथरा. कापड कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या. पूर्वी शिळं मूत्र वापरत. तेवढ्या अस्सलपणाचा आग्रह आमच्याकडे अजून कुणी धरलेला नाही.
3. आठ ते दहा जण समोरासमोर बसा. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा. कापड त्यात अडकतं आणि बोटही सोलतं.
4. सगळ्यांनी एका तालात आपटायचं आणि कापड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने शेजाऱ्याकडे सरकवायचं. उलट्या दिशेने सरकवणं अशुभ मानतात.
5. संथ गाण्याने सुरुवात करा, हळूहळू वेग वाढवा. एका कापडावर तेच गाणं दोनदा म्हणायचं नाही, असा जुना संकेत आहे. म्हणून चार-पाच गाणी तयार ठेवा.

इथली नेहमीची चूक म्हणजे ढोलासारखं बडवणं. ताल मनगटात ठेवा, खांद्यात नको. गाण्यावर टेबलाचा आवाज चढला की कडवं म्हणणारीला श्वास पुरत नाही.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात अशा बैठकीला पुरुषही बसतात, त्यामुळे बायकांचं टेबल वेगळं हवं असा हट्ट धरू नका. एकदा आमच्याकडे साताऱ्याच्या एका काकू पाहुण्या म्हणून आल्या होत्या. गेलिक त्यांना शून्य. टेबलावर बसल्या, दोन गाणी ऐकली, आणि मधल्या विसाव्यात जात्यावरची एक ओवी म्हणाल्या. कुणाला अर्थ समजला नाही, पण हातांना समजला. असं ठरवून करू नका मात्र. "आपलंही एक गाणं होऊन जाऊ दे" म्हणत माइक हातात घेतला की ती संध्याकाळ गेलिकची राहत नाही.

गाणी शोधायला 'टोबर अन दुआलखश' हा ध्वनिसंग्रह इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येतो. त्यातली बरीच ध्वनिमुद्रणं स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज या १९५१ साली एडिनबरात सुरू झालेल्या संस्थेच्या लोकांनी गावोगावी फिरून केली आहेत.

तपासा: प्रत्येक गाण्याबरोबर ते कुणाकडून आणि कोणत्या बेटावरून आलं, ते कागदावर लिहा. सुरुवातीला तेच सांगायची पद्धत आहे. 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होणं तिथल्या माणसांना खटकतं, कारण गाणारी त्यांची मावशी असू शकते.

६. आता केली

आता हॉल घ्या. पहिल्यांदा पन्नास-साठ माणसं पुरेत.

सूत्रधार नेमा. पुरुष असेल तर 'फेर अन ताय', बाई असेल तर 'बेन अन ताय', म्हणजे घरधनी, घरधनीण. आपल्या निवेदकापेक्षा हे काम वेगळं आहे. तो शेरोशायरी करत नाही, सत्कार करत नाही. घरी आलेल्या प्रत्येकाकडून काहीतरी काढून घेतो: कुणाची गोष्ट, कुणाचं गाणं, कुणाचं नुसतं "मी अमक्या गावचा". सूत्रधाराने आधी गेलिकमध्ये बोलावं, मग गरज पडली तर इंग्रजीत एक ओळ. उलट क्रम ठेवलात तर गेलिक ओळ येईपर्यंत लोक बोलायला लागतात.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन पाहुण्यांची भाषणं यांतलं काहीही नको. हे मी मराठी कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगते, कारण सल्ला विचारून गेलेल्यांपैकी दोघांनी तरीही ते केलं.

नाच सहा-सातच ठेवा आणि त्यांच्या मध्ये गाणं किंवा गोष्ट. क्रम सोप्याकडून अवघडाकडे: गे गॉर्डन्स जोडीचा आहे, तिथून सुरू करा. डॅशिंग व्हाइट सार्जंटला तिघं-तिघं समोरासमोर लागतात, तेव्हा एकट्या आलेल्यांना जागा मिळते. स्ट्रिप द विलो शेवटाकडे, कारण त्यात इतकं फिरवतात की नंतर कुणी गोष्ट ऐकण्याच्या स्थितीत नसतं. त्यातही हात कोपरात धरायचा, मनगटाला नाही. पडझड तिथेच होते.

नाच सांगणाऱ्याला डावं-उजवं गेलिकमध्ये सांगायला लावा: 'क्ली' डावं, 'जेस' उजवं. तीन नाचांत ते पायांत बसतं.

सावध: परवानग्या विसरू नका. इंग्लंडमध्ये हॉलला दारू विकण्याचा परवाना नसेल आणि तुम्हाला विकायची असेल तर टेम्पररी इव्हेंट नोटिस, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना, द्यावी लागते. कार्यक्रमाच्या आधी किमान १० पूर्ण कामकाजी दिवस, शुल्क २१ पौंड, आणि एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसं नकोत. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे आहेत, तिथे स्थानिक लायसन्सिंग बोर्डाकडे अर्ज जातो. संगीताचा परवाना बऱ्याचदा हॉलकडे असतो, पण लेखी विचारून घ्या. मुलांसाठी वेगळा वर्ग ठेवणार असाल तर शिकवणाऱ्यांची पार्श्वभूमी-तपासणी झाली आहे ना, ते आधी बघा.

७. दुसऱ्या दिवशी

नाचाला आलेल्या साठांपैकी किती जण गप्पांच्या बैठकीला येतात, तेवढंच मोजा. आमच्याकडे पहिल्या वेळी सात आले. आधीची गर्दी आठवून मला ते कमी वाटले होते, पण त्या सातांतले चौघं अजून येतात.

पुढच्या मंगळवारची तारीख केली संपण्याआधी सूत्रधाराने गेलिकमध्ये सांगावी आणि दारावर कागद लावावा. ईमेल घेताना परवानगी विचारा. निरोप दोन भाषांत पाठवत असाल तर गेलिक वर, इंग्रजी खाली.

आणि हॉल रिकामा करताना खुर्च्या मोजायचं काम नव्या माणसांना द्या. 'ऊन, घा, त्री, केहिर, कोइग…' आमच्याकडच्या एका मुलीने साठपर्यंत मोजताना दोनदा चुकून पुन्हा सुरुवात केली. हॉलवाले दिवे घालवायला आले तेव्हा ती चाळीशीत होती आणि तीन जण तिला खुर्च्यांमागून आकडे सांगत होते.